अकरावीचा अर्ज कोण भरतंय?

त्र्यंबकेश्वरात वर्षं मोजण्याची एक जुनी सवय आहे. दुकान कधी घेतलं, घरावर स्लॅब कधी पडला, असं विचारलं की 'मागच्या सिंहस्थाच्या आधी' किंवा 'सिंहस्थ झाला त्याच्या पुढच्या वर्षी' असं उत्तर येतं. मागचा सिंहस्थ २०१५ साली झाला. पुढच्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलेलं आहे आणि मोठी स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात आहेत.

हाच हिशेब गावातल्या एखाद्या मुलावर करून पाहा. जून २०१५ मध्ये जे मूल पहिलीत गेलं, ते २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीला बसलं आणि २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीला बसेल. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत त्याचं पूर्ण शालेय आयुष्य होऊन जातं. या बारा वर्षांत रस्ते किती रुंद झाले, घाट किती वाढले, याची चर्चा चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत होते. त्या मुलाने अकरावीला कोणते विषय घेतले, ते कोणी ठरवले आणि का ठरवले, याची चर्चा त्याच्या घरात तरी झाली का?

मे २०२३ मध्ये उरुसाच्या संदल मिरवणुकीवरून त्र्यंबकचं नाव राज्यभर गाजलं. कॅमेरे आले, विशेष तपास पथक नेमलं गेलं, टीव्हीवर तावातावाने वाद झाले. इथल्या मुसलमान घरांतली मुलं दहावीनंतर कुठे जातात, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही. दुसऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण तो आपणही विचारला नाही. म्हणून या वेळी संपादकीयात तोच प्रश्न घेतला आहे.

अर्ज भरण्याचा दिवस

२०२५ पर्यंत अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. त्र्यंबकसारख्या तालुक्यातल्या मुलाने दाखला, गुणपत्रक घेऊन थेट कॉलेजात जायचं आणि प्रवेश घ्यायचा, अशी पद्धत होती. २०२५-२६ पासून ही प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. म्हणजे २०१५ च्या सिंहस्थात पहिलीत गेलेली मुलं हीच त्र्यंबकची पहिली तुकडी, जिने अकरावीचा अर्ज ऑनलाइन भरला.

हा अर्ज दिसायला सोपा आहे. शाखा निवडायची आणि कॉलेजांचे जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम द्यायचे. त्यात एक अट आहे, ती अनेकांना उशिरा कळते. नियमित फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पहिला क्रमांक विचार करूनच टाकायला हवा.

प्रत्यक्षात काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. निकालानंतर मुलगा मार्कशीटची प्रिंट घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "आर्ट्स, कॉमर्स का सायन्स?" मुलगा अब्बांकडे पाहतो. अब्बा म्हणतात, "मामूंना फोन लाव." मामू म्हणतात, "ऐंशी टक्के हैं तो सायन्स, साठ हैं तो कॉमर्स, उसके नीचे आर्ट्स." मुलीच्या बाबतीत टक्केही विचारले जात नाहीत. घराजवळच्या कॉलेजात जी शाखा आहे, ती तिची शाखा. मागे रांग असते, लाइट जाईल की काय याची धास्ती असते. दहा मिनिटांत अर्ज भरून होतो आणि पुढच्या दहा वर्षांची दिशा ठरते.

या दुकानदाराची चूक नाही. तो टायपिंगचे पैसे घेतो आणि ते काम नीट करतो. मामूंचीही नाही. त्यांना जेवढं माहीत, तेवढं ते सांगतात. अडचण ही आहे की ज्याला पुढची दोन वर्षं ते विषय वाचायचे आहेत, त्याला एकही प्रश्न विचारला गेलेला नसतो.

कोणत्या विषयामागे कोणतं दार

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाची सोय १९५० च्या दशकापासून आहे. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा एखादा विषय घ्यायचा आणि त्याची स्वतंत्र परीक्षा द्यायची. तिला १ ते ५ असे गुण असतात. ज्याला इतिहास आवडतो तो इतिहास घेतो, ज्याला गणित जमतं तो गणित घेतो, कुणी दोन्ही घेतं. एका विषयात झेपलं नाही म्हणून बाकीचे रस्ते बंद होत नाहीत.

आपल्याकडे अकरावी-बारावीला आपण 'ज्युनिअर कॉलेज' म्हणतो. नावातच कॉलेज आहे, पण निवड विषयांची नसून गठ्ठ्याची असते. एक शाखा उचलली की तिच्यासोबतचे विषय आले आणि त्या विषयांसोबत पुढच्या परीक्षा आल्या. म्हणून आपल्याकडे सोळाव्या वर्षी जास्त माहिती असावी लागते. असते मात्र कमी.

मूळ गोष्टी पुन्हा एकदा मांडू. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतल्यावर पुढचा प्रश्न असतो तो गणित घ्यायचं की जीवशास्त्र. गणित घेतलं तर जेईई देता येते आणि एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट देता येतो. त्यातून अभियांत्रिकीकडे जाता येतं. जीवशास्त्र घेतलं तर नीट देता येते, त्यातून एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी. सीईटीचा पीसीबी गट दिला तर फार्मसी आणि कृषी. फार्मसीला गणितवाल्यांनाही जाता येतं. दोन्ही विषय एकत्र घेता येतात, ओझं वाढतं, पण दोन्ही बाजू उघड्या राहतात. ज्यांनी बारावीला जीवशास्त्र घेतलं नव्हतं, त्यांना नंतर अतिरिक्त विषय म्हणून ते देऊन नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. म्हणजे चुकलेली वाट परत सापडू शकते, पण वर्ष खर्च होतं.

कॉमर्सबद्दल कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट. कॉमर्सला सेक्रेटेरियल प्रॅक्टिसऐवजी गणित घेता येतं. सीए, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, डेटाची कामं, या सगळ्या वाटांवर गणित उपयोगी पडतं. बहुतेक मुलं ते सोडतात, कारण 'सायन्स नको' याचा अर्थ त्यांनी 'गणित नको' असा घेतलेला असतो.

आर्ट्सला तर आपण शिक्षाच समजतो. दहावीला कमी पडले म्हणून आर्ट्स. पण बारावी आर्ट्स झालेल्या मुलीला पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी देता येते. बीबीए, बीसीएसारख्या अभ्यासक्रमांची सीईटी २०२४ पासून सुरू झाली आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे आणि ती मराठीतही देता येते. बारावीला बसताना या परीक्षांची नावंही ठाऊक नसणं, हे आर्ट्सचं दुर्दैव आहे. शाखेचा त्यात दोष नाही.

आणखी एक गैरसमज फार महाग पडतो. 'अकरावी आरामाची' असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. जेईई आणि नीटमध्ये तर अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. अकरावी वाया गेली की बारावीत दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात उरकावा लागतो आणि मग 'एक वर्ष ड्रॉप घेतो' हे वाक्य घरात ऐकू येतं. ज्या घरात एका वर्षाचा पगार म्हणजे बहिणीचं लग्न असतं, तिथे ड्रॉप परवडत नाही.

भाषा, अंतर, पैसा

घाबरण्याची कारणं खरी आहेत. ती लपवून कुणाला धीर देता येत नाही. म्हणून एकेक कारण पाहू.

पहिलं कारण भाषेचं. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळांची मोठी परंपरा आहे. त्र्यंबककडच्या आपल्या मुलांची गोष्ट वेगळी. घरात दखनी बोलायची, शाळेत मराठीत शिकायचं आणि अकरावी सायन्सला वर्गात पाऊल टाकलं की सगळं इंग्रजीत. दहावीला विज्ञानात नव्वद मिळवणारी मुलगी पहिल्या चाचणीत नापास होते आणि तिला वाटतं, आपल्याला विज्ञान जमत नाही. तिला विज्ञान येत असतं. अडलेलं असतं ते शब्दांवर.

प्रवेशपरीक्षा मात्र इंग्रजीपुरत्या नाहीत. नीट तेरा भाषांत होते, त्यांत मराठीही आहे आणि उर्दूही. उर्दू तिथे आपोआप आलेली नाही. २०१७ साली ती यादीत नव्हती. स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशनने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ पासून नीट उर्दूतूनही होऊ लागली. सनदशीर मार्गाने मागितलं की मिळतं, याचं हे आपल्या पिढीतलं उदाहरण आहे. जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत आहे, मराठी आणि उर्दूसह. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र इंग्रजी, मराठी किंवा उर्दूत देता येतं, गणित फक्त इंग्रजीत.

याचा व्यवहारी अर्थ काय? मराठीतून परीक्षा देता येते म्हणून इंग्रजी सोडून द्या, असा नाही. पुढे इंजिनिअरिंगला आणि मेडिकलला बहुतेक पुस्तकं इंग्रजीच असतात. दहावीच्या सुट्टीत एक वही करा. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. प्रवेग म्हणजे ॲक्सिलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, ऊती म्हणजे टिश्यू, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. दहावीच्या दोन्ही विज्ञान पुस्तकांची मराठी आणि इंग्रजी आवृत्ती बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. दोन्ही शेजारी ठेवून एकेक धडा वाचला, तर पावसाळा लागेपर्यंत निम्मी भीती गेलेली असेल.

दुसरं कारण अंतराचं. त्र्यंबक ते नाशिक तिसेक किलोमीटर. एसटीत बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. मुलांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. म्हणजे भाड्याची अडचण आपण समजतो तितकी मोठी नाही. खरी अडचण वेळेची आहे. त्र्यंबकचा पाऊस, गर्दीच्या दिवसांतला वाहतुकीचा खोळंबा, दुपारी कॉलेज सुटल्यावर क्लास, क्लास सुटल्यावर शेवटची बस. रोज तीन तास रस्त्यावर जात असतील तर अभ्यास कधी होणार, हा प्रश्न अर्ज भरण्याआधीच घरात बसून सोडवायला हवा. दहा पसंतिक्रम टाकताना कॉलेजचं नाव आणि मागच्या वर्षीचा कटऑफ बघतात. कॉलेजची वेळ आणि एसटीचं वेळापत्रक कुणी शेजारी ठेवत नाही. ते ठेवा.

तिसरं कारण पैशाचं. मोठ्या क्लासच्या जाहिराती दहावीच्या परीक्षेआधीच घरी येतात. काही ठिकाणी कॉलेज आणि क्लास एकत्र, 'इंटिग्रेटेड' या नावाने. प्रवेश कागदावर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. हा प्रकार रोखायला राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं सांगितलं. तरी आठवीपासूनचे 'फाउंडेशन' वर्ग चालू आहेत. त्यांची फी भरण्यासाठी सोनं गहाण टाकण्याआधी एवढं लक्षात ठेवा. बारावी विज्ञानात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांना प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगशाळा न पाहिलेला मुलगा पुढे कॉलेजात उघडा पडतो.

मोफत वाटाही आहेत. आयआयटी कानपूरने केंद्रीय शिक्षण मंत्रालयासाठी चालवलेलं 'साथी' हे पोर्टल जेईई-नीटच्या तयारीसाठी फुकट आहे. महाराष्ट्र सरकारची 'महाज्योती' ही संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, दहावी होऊन विज्ञान शाखेला गेलेल्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. सोबत टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा. यात मुसलमान मुलं बसतात का? बसतात. तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, मणियार अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण त्यासाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र हातात लागतं. आपण इथेच अडकतो.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला काढला तर त्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. पेशाचं नाव आडनावात राहिलं, कागदावर आलं नाही. मग जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, कोतवाल बुक, खरेदीखतं, चुलत आजोबांचे दाखले शोधावे लागतात. ते काम आठ दिवसांत होत नाही, आठ महिने लागू शकतात. निकालाच्या दिवशी तहसीलच्या रांगेत उभं राहून ते जमणार नाही. मूल आठवीत असतानाच ते सुरू व्हायला हवं. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीही लागते. तिचा अर्ज बारावी विज्ञानच्या वर्षी कॉलेजमार्फत करता येतो.

ज्यांना ओबीसी दाखला मिळू शकत नाही, त्यांनी हात टेकू नयेत. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलेलं दहा टक्के ईडब्ल्यूएस आरक्षण धर्म विचारत नाही, उत्पन्न विचारतं. २०१४ मध्ये मुस्लिमांना दिलेलं पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरतं ठेवायला उच्च न्यायालयाने हरकत घेतली नव्हती. पण वटहुकमाचा कायदा झाला नाही आणि ते विरून गेलं. ती मागणी आपण करत राहू. ती पूर्ण होईपर्यंत जे आज कायद्यात आहे, ते वापरायचं सोडू नये.

मुलीचा अर्ज

आता थोडं स्पष्ट बोलू. समजा, त्र्यंबकमध्ये एक मुलगी आहे. दहावीला ८४ टक्के, गणितात ९१. तिला सायन्स घ्यायचं आहे. घरचे म्हणतात, "इतनी दूर रोज कौन छोड़ेगा? आर्ट्स ले, वैसे भी पढ़ना तो है ही." या वाक्यात वाईट हेतू नाही. काळजी आहे. शेवटच्या बसची, लोकांच्या नजरेची, पुढे तिला 'इतनी पढ़ी लिखी' म्हणून स्थळ मिळेल की नाही याची.

पण ही काळजी तिच्या भावाच्या वाट्याला का येत नाही? त्याला ६२ टक्के असले तरी त्याच्यासाठी नाशिकला खोली बघितली जाते. मुलीला ९१ असूनही तिचा विषय बसच्या वेळापत्रकावर ठरतो. बसची अडचण असेल तर बसची अडचण सोडवू. चार मुली एकत्र जाऊ शकतात. नात्यात नाशिकला खाला असतील तर आठवड्याचे पाच दिवस तिथे राहता येतं. आगार व्यवस्थापकाला पालकांनी सह्यांचं निवेदन देऊन कॉलेजच्या वेळेची फेरी मागता येते. यातलं एकही करून न पाहता विषय बदलणं, हे तिच्या हुशारीवर अन्याय करणं आहे.

पैशाच्या बाजूनेही मुलींचं पारडं आता जड आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, वैद्यकीय, सगळं. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकला आहे. मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाल्यावर राज्य सरकारने त्यांच्या तयारीची संस्थाही २०२३ मध्ये नाशिकलाच सुरू केली. एवढ्या गोष्टी तीस किलोमीटरवर असताना आपल्या मुलींना त्या ऐकूनही माहीत नसाव्यात, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

सगळ्यांनी डॉक्टर व्हायचं नाही

हे वाचून कुणी सरसकट सायन्सकडे धावू नये. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलं नीटला बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, त्यांतल्या बऱ्याच खासगी महाविद्यालयांत. ज्याला जीवशास्त्राचं पुस्तक उघडायचा कंटाळा येतो, त्याला अम्मीच्या स्वप्नासाठी तीन वर्षं नीट द्यायला लावणं हे प्रेम असलं तरी त्याची किंमत तो मुलगा मोजतो. नंतर तो घरात बोलत नाही, मित्रांना भेटत नाही. अशी मुलं आपल्या ओळखीत आहेत. त्यांच्याशी बोला.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला जाता येतं. त्र्यंबक रोडवरच, सातपूरला आयटीआय आहे आणि शेजारी औद्योगिक वसाहत. गॅरेजमध्ये वाढलेल्या, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या मुलाला ऑटोमोबाइल डिप्लोमा ही कमी प्रतीची वाट नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की ती वाट त्याने दोन-तीन वाटा पाहून घेतलेली असावी. कुणीतरी टक्के बघून त्याच्यावर टाकलेली नसावी.

मग निवडायचं कसं? तीन प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. कोणता विषय मी परीक्षा नसतानाही वाचतो? कोणत्या विषयात मला गुण पाठांतराने मिळाले आणि कोणत्यात समजून? आणि मी ज्या कामाचं नाव घेतोय, ते काम करणाऱ्या एका तरी माणसाला मी भेटलोय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर अर्ज भरण्याआधी त्या माणसाला शोधा. फार्मासिस्ट गावात आहे, नर्स ग्रामीण रुग्णालयात आहे, इंजिनिअर सिंहस्थाच्या कामावर आहे. अर्धा तास बोलायला कुणी नाही म्हणत नाही.

आणि एक कल. दोन वाटा सारख्या वाटत असतील आणि घरातून विरोध नसेल, तर त्यातली अवघड वाट घ्या. विशेषतः गणित. ते नंतर सोडता येतं. सोडलेलं पुन्हा धरायला मात्र फार कष्ट पडतात.

मोहल्ल्याने काय करायचं

निकालानंतर आपल्याकडे सत्कार होतात. शाल, ट्रॉफी, फोटो. सत्कार जरूर करा, पण सत्काराला येणाऱ्या मुलाला प्रवेशाची तारीख माहीत आहे का, तेही विचारा. नाशिक जिल्हा परिषदेने २०२२ मध्ये 'सुपर ५०' हा उपक्रम सुरू केला. ग्रामीण भागातल्या, मुख्यतः अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांची चाळणी परीक्षा घेऊन त्यांची निवासी तयारी करून घ्यायची. त्यात आपल्या बहुतेक मुलांना जागा मिळणार नाही, हे खरं. पण त्यातली रीत आपल्याला घेता येते. आधी मुलं शोधायची, मग त्यांना दोन वर्षं सोडायचं नाही.

त्र्यंबक तालुका मुख्यतः आदिवासी आहे. वर्गात आपल्या मुलाच्या शेजारी बसणारा महादेव कोळी किंवा ठाकर समाजाचा मुलगाही घरातला पहिलाच अकरावीत जाणारा असतो. त्याचीही भाषा घरात वेगळी, शाळेत वेगळी. त्यालाही तीच बस, तीच रांग. म्हणून जे काही करू ते सगळ्यांसाठी उघडं ठेवू. एक खोली, एक टेबल, एक लॅपटॉप, निकालानंतरचे पंधरा दिवस. टेबलामागे मागच्या वर्षी अर्ज भरलेली दोन मुलं आणि दोन मुली. समोर मागच्या वर्षीचे कटऑफ, एसटीचं वेळापत्रक, दाखल्यांची यादी. याला ना निधी लागतो ना उद्घाटनाला पाहुणा. जमातखाना असो, समाजमंदिर असो की कुणाची ओसरी, जागा मिळेल.

वाचणाऱ्या प्रत्येक कॉलेजवाल्याकडे आमची एक मागणी आहे. तुम्ही नाशिकला शिकत असाल, पुण्याला असाल, तर यंदा निकालानंतर दोन दिवस गावी या. तुमच्या वेळी तुम्हाला जे कुणी सांगितलं नाही, ते एका मुलाला सांगा. त्याचा अर्ज तुम्ही भरू नका. शेजारी बसा आणि त्याला भरू द्या. चुकला तर विचारा, "हे का टाकलंस?" उत्तर देता आलं, तर तो पसंतिक्रम बरोबर आहे.

आणि ज्यांची दहावी आहे, त्यांच्यासाठी. अब्बा, मामू, सर, आपा, सगळ्यांचं ऐका. त्यांनी उन्हातान्हात काढलेल्या वर्षांचा अनुभव खोटा नाही. ऐकून झाल्यावर माउस मात्र स्वतःच्या हातात घ्या. गेल्या सिंहस्थात जन्मलेली मुलं २०३१ च्या सुमारास हाच अर्ज भरतील. तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला तुम्ही असाल.